पावतीवर नाव कोणाचे?

कट्ट्यावर परवा वाद पेटला तो एका पत्रावरून. आमच्यातील एक मैत्रीण शाळेत विज्ञान शिकवते. तिने स्वतःच्या पगारातून आणि स्वतःच्या खात्यातून एका सामाजिक संस्थेला देणगी दिली होती, आणि महिन्याभराने आभाराचे पत्र आले ते मात्र तिच्या नवऱ्याच्या नावाने. 'आपण व आपल्या कुटुंबाने दाखवलेल्या औदार्याबद्दल' असा त्यात मजकूर होता. घडी उलगडून तिने तो कागद आमच्यापुढे धरला आणि 'कुटुंब' या शब्दावर बोट ठेवले. "जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. माझ्याच देणगीच्या पत्रात मी तेवढीच उरले," असे ती म्हणाली, आणि काही क्षण कोणालाच बोलायला सुचले नाही.

जाहिरातीच्या व्यवसायातील आमच्या मित्राने यावर लगेच आपले मत मांडले. त्याच्या म्हणण्यानुसार नावाची चूक हे केवळ लक्षण होते. खरे दुखणे असे की संस्था आणि कंपन्या स्त्रियांचा स्वतंत्र विचारच करत नाहीत. घरातील बहुतेक खरेदीचा निर्णय जी व्यक्ती घेते, तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी वेगळी मोहीम हवी, असा त्याचा आग्रह होता.

"वेगळी म्हणजे गुलाबी ना?" आमच्यातील इंजिनिअर मैत्रिणीने विचारले. 2009 मध्ये डेल कंपनीने खास स्त्रियांसाठी 'डेला' नावाची वेबसाइट काढली होती आणि संगणकाचा उपयोग काय, तर कॅलरी मोजणे व पाककृती शोधणे, असे सल्ले त्यावर दिले होते. टीका इतकी झाली की थोड्याच आठवड्यांत तो मजकूर बदलावा लागला. पुढे तिने न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने 2015 मध्ये केलेल्या पाहणीची आठवण करून दिली. सुमारे 800 वस्तूंची तुलना केल्यावर असे दिसले होते की स्त्रियांसाठी म्हणून विकली जाणारी वस्तू पुरुषांच्या तशाच वस्तूपेक्षा सरासरी 7 टक्क्यांनी महाग असते. वेगळेपणाची किंमत शेवटी कोण भरते, हा तिचा प्रश्न होता.

मित्र मागे हटला नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा मला आजही पटतो. तो म्हणाला की फरक नाहीच असे समजून चालणे हाही स्त्रियांवर अन्यायच आहे. मोटारींच्या सुरक्षा चाचण्यांतील पुतळे कित्येक वर्षे पुरुषाच्या सरासरी शरीरावरून बेतलेले होते, आणि 2011 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की सारख्याच स्वरूपाच्या अपघातात, पट्टा लावलेला असूनही, स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष चालकापेक्षा 47 टक्क्यांनी अधिक होती. "इथे वेगळा विचार केला असता तर जीव वाचले असते," असे तो अगदी कळकळीने म्हणाला.

"पण ते काम जाहिरातीचे नाही, ते वस्तू घडवणाऱ्याचे आहे," असे इंजिनिअर मैत्रीण म्हणाली. तिने व्होल्वोच्या एका प्रायोगिक मोटारीचे उदाहरण दिले. 2004 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या त्या मोटारीचे सर्व निर्णय स्त्रियांच्या गटाने घेतले होते. आत शिरणे-उतरणे सोपे होते, गाडी उभी करताना चालकाला मदत मिळत होती आणि डोके टेकायच्या उशीला बांधलेल्या केसांसाठी खाच ठेवलेली होती. ती मोटार बाजारात कधी आली नाही. तरीही त्यातील बहुतेक सोयी कोणाही पुरुषाला हव्याहव्याशा वाटतील अशाच होत्या. स्त्रीला काय हवे याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिला निर्णयाच्या जागी बसवले तर काय घडते, याचे हे उदाहरण मला कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोलाचे वाटते.

एका संस्थेसाठी निधी उभारणारी आमची मैत्रीण तोवर शांतपणे ऐकत होती. तिचा अनुभव असा की देणगीदार स्त्रिया बहुधा आधी प्रश्न विचारतात: पैसा नेमका कुठे गेला, काम कोणी केले, पुढच्या वर्षी काय करणार. तिच्या सहकाऱ्यांना ही चौकशी म्हणजे खोळंबा वाटतो. "पण नीट उत्तर मिळालेली बाई वर्षानुवर्षे सोबत राहते आणि आणखी चार जणींना घेऊन येते," असे तिने सांगितले. मग तिने गुलाबी फितीची हकिकत सांगितली, जी आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हती. स्तनांच्या कर्करोगासाठीची पहिली फीत पीचच्या रंगाची होती. अमेरिकेतील शार्लट हेली ही स्त्री 1990 च्या दशकाच्या आरंभी घरी त्या फिती तयार करून वाटत असे. प्रत्येक संचासोबत एक कार्ड असे आणि त्यावर लिहिलेले असे की राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या वार्षिक निधीपैकी केवळ 5 टक्के रक्कम प्रतिबंधावर खर्च होते, तेव्हा लोकप्रतिनिधींना जागे करा. एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या कंपनीने तिच्याकडे सहकार्य मागितले. हा सारा व्यापार होईल म्हणून तिने नकार दिला. त्यांनी रंग बदलला आणि 1992 मध्ये गुलाबी फीत सर्वत्र पोहोचली. "फीत राहिली, कार्डावरचा प्रश्न मात्र गेला," असे मैत्रीण म्हणाली.

त्या फितीने असंख्य स्त्रियांना तपासणीकडे वळवले असेल, हा जाहिरातवाल्या मित्राचा प्रतिवाद मी खोडून काढणार नाही. परंतु बाईच्या मनातील कळवळा घ्यायचा आणि तिचा सवाल वगळायचा, ही रीत मला अपमानाची वाटते.

आमच्यात वयाने मोठे असलेले सर इतिहासाचे प्राध्यापक होते. ते म्हणाले की या वादाचा निकाल दोनशे वर्षांपूर्वीच लागला आहे. 1791 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा गुलामांच्या श्रमातून पिकलेल्या साखरेवर बहिष्कार पुकारला गेला. स्त्रियांना मत नव्हते, पण घरात साखर आणायची की नाही हे त्यांच्या हाती होते. पुढे 1824 मध्ये इंग्लंडमधील एलिझाबेथ हेरिक या गुलामगिरीविरोधी कार्यकर्तीने पुस्तिका लिहून गुलामगिरी हळूहळू नव्हे तर तत्काळ नष्ट करण्याची मागणी केली, आणि लेस्टर शहरात घरोघरी जाऊन ती साखर वर्ज्य करण्याचा प्रचार केला. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावातच 'क्रमाक्रमाने' हा शब्द होता. स्त्रियांच्या मंडळांकडून त्या संस्थेला देणग्या जात, म्हणून हेरिक यांनी सुचवले की तो शब्द काढेपर्यंत देणगी रोखून धरावी. 1830 मध्ये संस्थेने तो शब्द काढला.

"म्हणजे अट घालणारी देणगीदार," असे मित्र हळूच म्हणाला. त्याने निधी उभारणाऱ्या मैत्रिणीला विचारले की तुमच्या देणगीच्या अर्जावर प्रश्न लिहायला जागा आहे का. नाव, पत्ता, रक्कम, सही एवढेच आहे, असे तिने सांगितले. तशी जागा ठेवली तर अर्ज लांबेल आणि लोक कंटाळतील, अशी शंका त्यानेच काढली. त्यावर दोघांचे एकमत काही झाले नाही.

विज्ञानाच्या शिक्षिकेने मात्र तेवढ्यात माझ्याकडून पेन मागून घेतले, ते पत्र गुडघ्यावर पालथे घातले आणि मागच्या कोऱ्या बाजूला उत्तर लिहायला सुरुवात केली. दिव्याच्या उजेडात मला पहिलीच ओळ वाचता आली: 'देणगी मी दिली आहे, माझे नाव खाली लिहीत आहे, आणि माझे तीन प्रश्न आहेत.'