त्या गोल खड्ड्यांच्या फोटोबद्दल खुलासा
नदीच्या खडकातले गोल गुळगुळीत खड्डे, "हजारो वर्षांपूर्वी मशीनने ड्रिल केलेत" असा मेसेज फिरतोय, परवा मीपण तो पुढे ढकलला, चूक माझीच. फोटो दक्षिण आफ्रिकेतल्या बर्क्स लक पॉटहोल्सचा आहे, ट्रूर आणि ब्लाइड नद्यांच्या संगमावरचा. हे रांजणखळगे. पुरात पाण्याचा भोवरा होतो, खाचेत अडकलेले दगडगोटे वाळूसकट गरगरत राहतात आणि खडक घासत घासत खाली कोरत जातात, एका पुरात नाही हां, हजारो वर्षं लागतात. पाणी ओसरल्यावर असल्या खळग्यांच्या तळाशी बऱ्याचदा गोटीसारखे गोल झालेले दगड सापडतात, तेच हे कोरणारे. शिवाय कितीतरी खळगे मधली भिंत झिजून एकमेकांत मिसळलेत, फोटो झूम करून बघा. तो मेसेज आता पुढे पाठवू नका प्लीज, ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हे टाका.