हायड्रोजन फ्लोराइड लेझरने गारा वितळतील?

रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हायड्रोजन फ्लोराइड लेझरला वीज लागत नाही, तो ढग भेदून गारा हवेतच वितळवतो आणि त्यातून फक्त पाण्याची वाफ निघते. सरकारने तो तापीकाठी बसवावा.’ गारांनी चिंध्या झालेली बाग ज्याने पाहिली, त्याला हे पटावंसं वाटणारच. म्हणूनच एकेक दावा तपासून घेऊ.

सगळ्यात मोठी चूक ‘ढग भेदतो’ या दाव्यात आहे. या लेझरचा प्रकाश 2.7 ते 2.9 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा, आणि नेमका हाच पट्टा पाणी प्रचंड शोषतं. पाण्यात हा प्रकाश काही मायक्रॉन गेला की संपतो. ढगातला साधा थेंबच दहा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे पहिल्या काही थेंबांतच किरण गारद. कोरड्या दिसणाऱ्या हवेतली वाफसुद्धा त्याला खाते. म्हणून जमिनीवरून मारा करायचा तेव्हा अमेरिकेने हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वापरलं. मिरॅकल हा त्यांचा लेझर 3.8 मायक्रॉनच्या आसपास चालायचा. दाट ढग त्यालाही भेदत नाहीत.

समजा, किरण पोचलाच. 0 अंशावरचा 1 किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. एका एकरावर गारांचा 1 सेंटिमीटर थर म्हणजे साधारण 20 टन. 1 मेगावॉटचा लेझर थेंबभरही वाया न घालवता वापरला, तरी पावणेदोन तासांहून जास्त वेळ, तोही एका एकराला! मिरॅकलची एका दमातली मजल 70 सेकंदांची होती.

‘वीज लागत नाही’ हे अर्धं खरं. फ्लोरिनचा अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळला की तयार होणारा हायड्रोजन फ्लोराइड थरथरतच जन्मतो. बहुतेक रेणू दुसऱ्या कंपनपातळीवर असतात. प्रकाशाची ऊर्जा तिथून येते. पण हेच रेणू एकमेकांवर आपटून क्षणात थंड पडतात, आणि थंड झालेला रेणू उलट प्रकाश गिळतो. म्हणून वायू बारीक नोझलांतून ध्वनीपेक्षा वेगाने, काही टॉर (टॉर हे दाबाचं एकक) इतक्या कमी दाबात सोडावा लागतो. फ्लोरिनचे अणू सुटे करणाऱ्या ज्वलनकक्षातही हायड्रोजन जाळत नाहीत, ड्युटेरियम जाळतात. नाहीतर थंड हायड्रोजन फ्लोराइड आधीच आत शिरतो. मग तो पातळ वायू 760 टॉरच्या बाहेरच्या हवेत ढकलायला वायू खेचून बाहेर फेकणारी मोठी इजेक्टर यंत्रणा, आरसे थंड ठेवायला पंप. टाकी भरली आणि खटका दाबला, असं हे काम नाही.

राहिली ‘पाण्याची वाफ’. बाहेर पडतो तो हायड्रोजन फ्लोराइडच. ओल मिळताच त्याचं आम्ल होतं, ते काच खातं, कातडीतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. पिकांवर फ्लोराइडचा धूर बसला की पानांच्या कडा करपतात. म्हणून तो अल्कलीच्या फवाऱ्यात धुतल्याशिवाय सोडता येत नाही.