किगालीतली मुलांची खोली

७ एप्रिल हा रवांडातल्या वंशसंहाराचा स्मृतिदिन. १९९४ साली या दिवशी सुरू झालेली कत्तल साधारण शंभर दिवस चालली. आठ लाखांहून जास्त माणसं मारली गेली. मारणारे तिथल्या बहुसंख्य हुतू समाजातले कट्टरपंथी; मेलेले बहुतेक अल्पसंख्य तुत्सी, आणि त्यांच्यासोबत कत्तलीला विरोध करणारे हुतूही. एवढा मोठा आकडा वाचून डोकं बधिर होतं, म्हणून राजधानी किगालीच्या स्मारकातली मुलांची खोली मला फार मोलाची वाटते.

तिथे मारल्या गेलेल्या मुलांचे मोठे फोटो लावलेत आणि खाली चार-चार ओळी. काय खायला आवडायचं, लाडकं खेळणं कोणतं. त्यातला एक मुलगा दहा वर्षांचा. फुटबॉल आवडायचा, लोकांना हसवायला आवडायचं, डॉक्टर व्हायचं होतं. त्याचे शेवटचे शब्दही लिहिलेत: संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आपल्यासाठी येतील. आणि सुरक्षा परिषदेने काय केलं? कत्तल सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना तिथली सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचा ठराव केला! हे वाचून आजही माझा संताप होतो.

पण नुसतं हळहळून काय होणार? मुलांना शिकवायला हवी ती या कत्तलीमागची तयारी. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे नोंदवायला सुरुवात केली. साठ वर्षांनी रस्त्यारस्त्यांवर नाकाबंदी करून तेच कार्ड बघून माणसं मारली गेली. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र गाणी आणि थट्टामस्करीच्या मधेमधे तुत्सींना झुरळं म्हणायचं. पुढे कोणाला कुठे शोधायचं तेही सांगू लागलं. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर कोयता उगारण्याआधी हे महिनोन्महिने घराघरांत ऐकलं जात होतं.

रवांडाच्या सरकारबद्दलही बोलायला हवं. त्या काळात आरपीएफच्या, म्हणजे कत्तल थांबवून सत्तेवर आलेल्या तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या बंडखोर संघटनेच्या, सैनिकांनी मारलेल्या हुतूंसाठी सरकारी स्मृतिसोहळ्यात जागा नाही. त्या हत्यांची वंशसंहाराशी बरोबरी मला मुळीच मान्य नाही. तशी बरोबरी करणाऱ्यांना बहुतेकदा वंशसंहारच नाकारायचा असतो. पण ज्याचा बाप तसा गेला, त्याला चारचौघांत रडायचीही भीती वाटावी, हे मला पटत नाही.

इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, कधी रवांडावर तास घेतलात तर आधी ते ओळखपत्र दाखवा, मग मुलांच्या खोलीतले फोटो. आकडा शेवटी सांगा.