‘फोटोला भुललेली मंडळी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय (किंवा महोदया, ‘एक सजग करदाता’ या सहीवरून उलगडा होत नाही),

कोविडकाळातील लोकप्रतिनिधींवरील माझ्या लेखात नगर जिल्ह्यातील पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके आणि त्यांनी भाळवणीला चालवलेले अकराशे खाटांचे कोविड केअर सेंटर यांविषयी जो मजकूर आहे, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : उपचार डॉक्टरांनी केले, आमदारांनी नव्हे, तेथील बहुतेक रुग्ण सौम्य लक्षणांचे होते, त्यामुळे ते बरे झाले यात नवल नाही, देणग्यांचा हिशेब कोणी तपासला हे लेखात नाही, आणि आमदाराचे काम सभागृहात प्रश्न विचारून तालुक्यात कायमची आरोग्ययंत्रणा उभी करण्याचे आहे, खाटा मांडण्याचे नाही. इथवर ठीक होते. पण पुढे आपण लिहिता, ‘शहरात बसून गावाच्या नावाने गळे काढणारी तुमच्यासारखी मंडळी जमिनीवर झोपलेल्या आमदाराच्या एका फोटोला भुलतात आणि त्यालाच लोकशाही समजतात.’

मतभेदाचे मला वावडे नाही. या ब्लॉगवर माझे मत खोडून काढणाऱ्या प्रतिक्रिया जशाच्या तशा प्रसिद्ध होतात, आपलीही झाली आहे. परंतु ज्याला आपण कधी भेटला नाहीत, ज्याचे गाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या हेतूविषयी इतक्या खात्रीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. मी माझ्या नावाने लिहितो. आपण टोपणनावाआडून लिहिता, आणि भुलल्याचा आरोप मात्र माझ्यावर करता.

‘शहरात बसून’ याविषयी आधी बोलू. मी शहरात राहतो ते हौसेने नव्हे. पारनेर तालुक्याच्या जिरायत भागातील कित्येक घरांप्रमाणे आमच्याही घरातील एक पिढी मुंबईच्या चाळीत आणि एक पिढी गावच्या वाड्यात अशी विभागून जगली. वडील माथाडी कामगार होते. गावी जमीन होती, पाणी नव्हते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या रांगेत हंडा धरून उभे राहण्यातच माझ्या शाळेच्या सुट्ट्या गेल्या आहेत. गावाच्या नावाने गळे काढण्याची मला गरज नाही, कारण गाव माझ्या फोनमध्ये रोज वाजत असते. आजही नगर–कल्याण रस्त्यावरचा अपघात असो की टाकळी ढोकेश्वरच्या बाजारातील कांद्याचा भाव, मला वर्तमानपत्राआधी कळतो.

आता त्या फोटोकडे वळू. 18 एप्रिल 2021 रोजी महाराष्ट्रात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदवले गेले. त्याच आठवड्यात माझ्या मामाला ताप आला. मामेभाऊ छातीच्या एचआरसीटी स्कॅनची फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून नगरच्या एका खासगी रुग्णालयाच्या खिडकीशी उभा होता आणि आतला माणूस फिल्मकडे न बघता आधी अनामत रक्कम सांगत होता. रक्कम ऐकून भावाने मला फोन केला आणि मी माझ्या ओळखीच्या, म्हणजे आपल्या भाषेत शहरात बसलेल्या, झाडून सगळ्या माणसांना फोन केले. एकाकडूनही खाट मिळाली नाही. शेवटी शेजारच्या वाडीतील एका पोराने सांगितले की भाळवणीला घेऊन या, तिथे पैसे मागत नाहीत. मामाला मंगल कार्यालयाच्या त्या मांडवात खाट मिळाली, बोटाला ऑक्सिमीटर लागला, सकाळी उकडलेली अंडी आणि संध्याकाळी लाउडस्पीकरवर कीर्तन मिळाले. मामा माळकरी असल्यामुळे अंडी शेजारच्या खाटेवर जात. रात्री आमदार खाटांमधून फिरत असताना मामाने त्यांना बघितले. मामाने फोटो काढला नाही, कारण त्याच्याकडे साधा फोन होता. मी भुललो असेन तर फोटोला नव्हे, या माणसाच्या साक्षीला, आणि तिच्यापुढे आपली टोपणनावाने केलेली टिप्पणी मला जड वाटत नाही.

रुग्ण सौम्य लक्षणांचे होते, हे आपण एखादे बिंग फोडल्याच्या थाटात लिहिले आहे. होतेच. कोविड केअर सेंटर अशाच रुग्णांसाठी असे, आणि जास्त त्रास असलेल्यांना पुढे रुग्णालयात पाठवावे लागे. पण दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहत असताना सौम्य लक्षणांच्या माणसाने कुठे झोपायचे होते? आपल्या घरी वेगळी खोली असेल. मामाच्या घरी नव्हती, आणि मामा तिथे गेल्यामुळे मामी आणि नातवंडे वाचली असे मी मानतो. कोणत्याही तक्त्यात ती ‘बरे झालेले रुग्ण’ म्हणून दिसणार नाहीत.

आमदाराने सभागृहात प्रश्न विचारावेत हे तत्त्व म्हणून बिनतोड आहे. पण त्या काळात सभागृह होते कुठे? मार्च 2020 चे अर्थसंकल्पी अधिवेशन मुदतीआधी गुंडाळले गेले. सप्टेंबर 2020 मध्ये अधिवेशन दोन दिवसांचे, डिसेंबरमध्ये दोन दिवसांचे आणि दुसऱ्या लाटेनंतर जुलै 2021 मध्ये पुन्हा दोनच दिवसांचे, त्यातही बारा आमदारांच्या निलंबनाचाच गाजावाजा अधिक. राज्यात 1897 चा साथरोग कायदा लागू होता आणि त्याखालचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महापालिका आयुक्तांकडे होते. आमदाराला कुठलेही रुग्णालय ताब्यात घेता येत नव्हते, ऑक्सिजनचा टँकर वळवता येत नव्हता. एप्रिल 2021 मध्ये स्थानिक विकास निधीतील एक कोटी रुपये कोविडसाठी वापरण्याची मुभा मिळाली खरी, पण तिथेही आमदाराने शिफारस करायची आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायची. हाती हुकूम नाही, सभागृह बंद, निधी फायलीत : अशा वेळी आमदाराकडे उरते काय? त्याची माणसे, त्याचा फोन आणि त्याचे स्वतःचे शरीर. ते त्याने मांडवात नेऊन ठेवले, याला आपण नाटक म्हणता. मग नाटक न करणाऱ्या आमदारांनी त्या दिवसांत काय केले, तेही लिहा. कित्येकांचे फोन त्यांचे स्वीय सहायकसुद्धा उचलत नव्हते. त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्याच्या तेव्हाच्या खासदारांनी दिल्लीहून विमानाने रेमडेसिविर आणले आणि ते प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. लोकप्रतिनिधीची मदत कशी असू नये यावर आपल्याला लिहायचे असेल, तर विषय तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर 2020 मध्येच दाखल रुग्णांना ते औषध देण्याविरुद्ध मत दिले होते.

आपला एक मुद्दा मला मान्य आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करतो. केंद्राला हयात पक्षनेत्याचे, शरद पवारांचे, नाव देणे मलाही रुचलेले नाही. रुग्णाने बरे होऊन घरी जाताना कोणाचे आभार मानायचे, हे कमानीवर लिहून ठेवू नये. लेखात हे यायला हरकत नव्हती.

‘त्याच फोटोंवर खासदारकी मिळवली’ हा आपला टोमणाही ऐकून घेतला. 2024 मध्ये ते लोकसभेवर निवडून आले हे खरे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला त्यांच्या पत्नी पारनेरमधून पडल्या. ज्या मतदारांना आपण फोटोला भुललेले समजता, त्यांनी सहा महिन्यांत आपला हिशेब वेगळा मांडून दाखवला. पारनेरच्या माणसाला लोकशाही शिकवण्याआधी तुम्ही एकदा तिथल्या चहाच्या टपरीवर बसून या, एवढेच सुचवतो.

राहिला प्रश्न देणग्यांच्या तपासणीचा आणि तालुक्यात त्यानंतर कायमची आरोग्ययंत्रणा किती उभी राहिली याचा. माझा लेख त्या विषयावर नव्हता. तुम्हाला इतकीच उत्सुकता असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा; ज्या राळेगणसिद्धीतून त्या अधिकारासाठी लढा दिला गेला, ती पारनेर तालुक्यातच आहे, हे सजग करदात्याला सांगायला नको. उत्तर आले की मला पाठवा. नाव-पत्त्यासह पाठवलेत तर इथे प्रसिद्ध करीन. टोपणनावाने आलेल्या पुढच्या प्रतिक्रियेला मात्र मी उत्तर देणार नाही.