शुद्धीवर आला म्हणजे मेंदू वाचला, असे नसते

“गोळ्यांच्या अतिसेवनानंतर शुद्धीवर आलेल्याच्या मेंदूला काही झालेले नसते, पुढे तो विचित्र वागला, तर ते सोंग असते किंवा नशा पुन्हा सुरू झालेली असते,” असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे.

यातले पहिले विधान सर्वांत घातक आहे. अफूच्या वर्गातील औषधे किंवा झोपेच्या गोळ्या अति झाल्या की श्वास मंदावतो आणि मेंदूला प्राणवायू कमी पडतो. रुग्ण त्यातून सावरतो, घरी येतो, नीट जेवतो-बोलतो आणि कधी कधी साधारण एक ते चार आठवड्यांनी अचानक ढासळतो. प्लम, पॉस्नर आणि हेन या डॉक्टरांनी १९६२ मध्येच अशा उशिरा होणाऱ्या बिघाडाचे वर्णन केले होते. यात मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातील तंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट होऊ लागते. खानापूरच्या थंडीत बंद खोलीत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या, कधीही नशा न केलेल्या माणसालाही कार्बन मोनॉक्साइडमुळे हेच होऊ शकते.

आता सोंगाविषयी. साध्या प्रश्नाचे उत्तर यायला बराच वेळ लागतो, घास हातातच राहतो, कपड्यांत लघवी झाल्याचे भान नसते, पाय घासत चालावे लागते. कोणी भ्रमिष्टासारखे बोलतो, तर कोणी बोलणेच सोडतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भागात सारखेच बदल दिसतात, आणि सोंगाने असे बदल उमटत नाहीत. ‘बाहेरचे’ समजून त्याला आधी गाणगापूरला नेणाऱ्यांच्या श्रद्धेशी माझा वाद नाही, पण तोवर खाणे-पिणे सुटलेल्या माणसाचे फार हाल होतात.

नशा पुन्हा सुरू झालेली असू शकते, हे खरे. पण ते तपासणीने ठरवावे, शेजाऱ्यांच्या अंदाजाने नव्हे.

याच मजकुराच्या शेवटी “असा माणूस कायमचा गेला” असेही म्हटले आहे, तेही चूक आहे. नेटकी शुश्रूषा, पुरेसा आहार आणि फिजिओथेरपी मिळाल्यास अनेक रुग्ण काही महिन्यांत बरेच सुधारतात, मात्र काहींची एकाग्रता आणि स्मरणशक्ती पूर्ववत होत नाही.

म्हणून घरी आणल्यावर निदान महिना-दीड महिना त्याच्या बोलण्या-चालण्यावर लक्ष ठेवावे, आणि फरक जाणवताच डिस्चार्ज कार्ड घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. डॉक्टर कन्नड बोलणारे असोत वा मराठी, तो किती वेळ बेशुद्ध होता आणि मधले किती दिवस ठीक होता, या दोन गोष्टी त्यांना न विचारता सांगाव्यात.