म्हणे, सगळं सीमेसाठी!

आज पुन्हा एका चर्चेत तेच ज्ञान ऐकलं: रशिया-चीनचं फाटलं ते सीमेवरून, विचारसरणी वगैरे नुसता मुलामा. अहो, उसुरी नदीतल्या बेटावर गोळ्या झडल्या मार्च १९६९मध्ये. आणि चीनमधले सोव्हिएत तज्ज्ञ कधी गेले? १९६०मध्ये!

१६ जुलै १९६०चं मॉस्कोचं पत्र, आणि सुमारे १,३९० सोव्हिएत तज्ज्ञ महिना-दीड महिन्यात माघारी. चीनच्या हिशेबाने ३४३ करार आणि २५७ तांत्रिक प्रकल्प रद्द. यंत्रं अर्धवट बसलेली, ड्रॉइंग माणसांबरोबर गेलेली, सुटे भाग बंद. तेही ऐन दुष्काळात.

कशावरून? एप्रिलमध्ये, लेनिनच्या ९०व्या जयंतीला, चिनी पक्षाच्या मुखपत्रात लेख आला: साम्राज्यशाही आहे तोवर युद्ध टळेल या भ्रमात राहू नका. संसदेच्या वाटेने समाजवाद येईल, यावरही फुली. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं नाव नव्हतं, पण रोख कुणावर होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जूनमध्ये बुखारेस्टला कम्युनिस्ट पक्षांच्या बैठकीत उघड खडाजंगी. तीन आठवड्यांत ते पत्र.

हो, १९५८चा संयुक्त पाणबुडी ताफ्याचा वाद होता, १९५९मध्ये अणुबॉम्बचा नमुना नाकारला होता. मान्य. पण १९५६मध्ये सुवेझवरून अमेरिकेने ब्रिटन-फ्रान्सचं नाक कापलं, तरी नाटो टिकलीच ना? तिथे कुणाची खुर्ची मार्क्सचा अर्थ लावण्यावर उभी नव्हती. इथे पक्ष म्हणजेच सरकार, आणि पक्षाचा हक्क एवढाच की आमचा अर्थ बरोबर. स्टालिन चुकला असं मॉस्कोने परस्पर जाहीर केलं की बीजिंगमध्ये माओच्या पायाखालची जमीन सरकते. मग तडजोड कसली? समोरचा थेट रिव्हिजनिस्ट, म्हणजे मार्क्सवादात भेसळ करणारा!

आणि भोगलं कुणी? कारखान्यांतल्या त्या इंजिनिअरांनी, दोन्हीकडच्या. रशियनांपैकी कित्येकांना जायचंच नव्हतं. हातातलं काम टाकून सामान बांधावं लागलं बिचाऱ्यांना.

आपल्याकडेही ११ एप्रिल १९६४ला कम्युनिस्ट नेते डांग्यांच्या विरोधात ३२ जण भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून उठले आणि पक्षाची दोन शकलं झाली. (बासष्टचं युद्धही त्यात होतं, ठीक आहे.)

नेत्यांचा अहंकार म्हणाल, तर १४ ऑक्टोबर १९६४ला ख्रुश्चेव्हच गेला. दोन दिवसांनी चीनने लोप नूरला आपला पहिला अणुबॉम्ब फोडला, त्या तज्ज्ञांविना. नोव्हेंबरात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय मॉस्कोला अंदाज घ्यायला गेले आणि हात हलवत परत आले. मॉस्कोतल्या नव्या मंडळींना जुनीच लाईन चालवायची होती.