‘बांधावर कधी पाय ठेवलाय का?’ – माणच्या वाचकाला उत्तर

मागच्या आठवड्यात सोयाबीनच्या पेरणीवर लिहिलं होतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि रानाला वाफसा (ओल आहे पण चिखल नाही, अशी मातीची स्थिती) आल्याशिवाय कुरी, म्हणजे पेरणीचं औजार, धरू नका, एवढंच त्याचं सार. त्यावर ‘एक शेतकरी, माण’ अशा सहीची, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या माण तालुक्यातून, प्रतिक्रिया आली आहे. खाली आहेच ती, तरी इथं देतो:

“बांधावर कधी पाय न ठेवलेली माणसं फ्लॅटमध्ये बसून मिलिमीटर शिकवतात. आमच्याकडं जून-जुलै मिळून शंभर मिलिमीटर होईल याची खात्री नाही, मग पेरायचंच नाही का? पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावाला, माझं रान तिथनं बारा किलोमीटर, तो आकडा घेऊन मी काय करू? २०२३ ला हवामान खात्यानं ९६ टक्के सांगितलं होतं, काय झालं? आणि नक्षत्रांची टिंगल करण्याआधी ती नीट पाठ करा.”

शेवटचं आधी घेतो, कारण तिथं माझी चूक आहे आणि चूक कबूल करायला मला लाज नाही. पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. मी उलटं लिहिलं होतं. घाईत झालं, दुरुस्त केलं. टिंगल मात्र मी केलेली नाही. पंचांगात मृगाचं वाहन कोल्हा आलं की बेडूक, यावर बियाण्याची पिशवी फोडू नये, एवढं लिहिलं होतं. सूर्य मृगात ७-८ जूनला जातो तो दरवर्षी जातोच, पाऊस तेव्हा कुठं असतो ते निराळं. २०२३ ला मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, मग बिपरजॉय चक्रीवादळानं ओल ओढून नेली आणि मुंबईला यायला २५ तारीख उजाडली. २०२५ ला तोच मान्सून केरळात २४ मे रोजी दाखल, म्हणजे मृगाच्या आधीचं रोहिणी नक्षत्र लागायच्याही आत. मृग दोन्ही वर्षी वेळेवर होता. यात टिंगल कुठं आली?

आता ते पहिलं वाक्य. प्रतिक्रिया वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. झोप गेली, खोटं कशाला सांगू.

होय, मी साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहतो. तिसऱ्या मजल्यावर. नोकरी आहे, पोरांच्या शाळा आहेत. पण वाठार स्टेशनच्या बाजूला आमची सव्वातीन एकर जमीन आहे, त्यातली दोन एकर काळी, उरलेली मुरमाड. घेवडा, सोयाबीन, रब्बीला शाळू. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या नावावर आहे आणि दर रविवारी मी तिथं असतो. ‘दर’ म्हणजे लग्नसराई सोडून. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि तुम्ही तर नावही लिहिलेलं नाही. मग माझे पाय कुठं कुठं पडले हे तुम्हाला कुणी सांगितलं? साहेब, मुद्दा मांडा ना. तुमच्या भागातल्या माणसाची रीत मला ठाऊक आहे, पाहुण्याला आधी तांब्याभर पाणी देतात, मग वाद घालतात.

मिलिमीटर मी कुठं शिकलो ते ऐका. २०१४ चा जून. त्या महिन्यात देशभरातच ४० टक्क्यांच्या वर तूट होती, हे पुढं कळलं. आमच्याकडं मृगाच्या तोंडावर सलग दोन संध्याकाळी चांगला पाऊस झाला. अंगणात पाणी साचलं, ओढा थोडा वाहिला. मी शनिवारी गावी गेलो. वडील म्हणाले, थांब, वर ओल आहे, खाली राख आहे. पण मला मंगळवारी कामावर हजर व्हायचं होतं, ट्रॅक्टर ठरलेला होता आणि शेजारची दोन रानं पेरून झाली होती. मी हट्ट धरला. वडील दोन वेळा नको म्हणाले, तिसऱ्यांदा गप्प बसले. सोमवारी दुपारपर्यंत दोन एकर पेरून मोकळे.

त्यानंतर पाऊस नाही. नुसतं वारं. आठ-नऊ दिवसांनी मी परत गेलो तर वडील मला तसेच रानात घेऊन गेले. खाली बसले आणि अंगठ्यानं ओळीवरची माती बाजूला सारली. वर बोटभर जाडीची पापडी धरली होती, ती कडकन मोडली. खाली दाणा. फुगलेला, साल एका बाजूनं उकललेली, आणि कोंब निघालाय तो दोऱ्यासारखा तपकिरी होऊन वाळलेला. पुढचा दाणा नुसताच बुळबुळीत, नाकाशी धरला तर आंबट वास. तिसऱ्या ठिकाणी दाणाच नाही, मुंग्यांची रांग. वडिलांनी तळहातावर ते दोन दाणे घेतले, मला दाखवले, पुन्हा मातीत टाकले आणि धोतर झटकून उठले. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तीस किलोच्या दोन पिशव्या गेल्या. दुबार पेरणीला तेच बियाणं दुकानात वाढीव भावानं, तेही ‘आहे तोवर घ्या’ म्हणून. पेरणी झाली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या वर्षी एकरी किती पिकलं ते लिहीत नाही.

सोयाबीनचा दाणा उगवायला आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी पितो. अर्धवट पिऊन वाळला की मेला, पुन्हा पाऊस आला तरी जागा होत नाही. काळं रान उन्हाळ्यात भेगाळलेलं असतं, पहिला पाऊस त्या भेगाच गिळतात. म्हणून ते ७५ ते १०० मिलिमीटर. कृषी खातं दरवर्षी सांगतं, मी शोधून काढलेलं नाही. आणि आकड्यावरही मी थांबलो नव्हतो, तुम्ही वाचायचे थांबलात. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडं कितीतरी गावांत आकडा पेरणीआधीच ओलांडला होता, पण नांगरट-कुळवणी अर्धी राहिली होती आणि रानात पाय रुतत होते. तेव्हा आकडा होता, वाफसा नव्हता. चार बोटं खालची माती मुठीत दाबायची, कमरेइतक्या उंचीवरून सोडायची. फुटली तर कुरी धरा, लाडूसारखी राहिली तर घरी जा. हे मी फ्लॅटमध्ये शिकलेलो नाही. आमच्या सोसायटीत तेवढी माती नाही.

‘मिलिमीटर शिकवतात’ यातला खवचटपणाही मला कळला. म्हणजे आकड्याची भाषा बोलला की तो पुस्तकी. बरं. सोयाबीनचा फुले संगम वाण तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी पेरलाच असेल. त्याचं दुसरं नाव केडीएस ७२६. त्यातलं केडी म्हणजे कसबे डिग्रज, सांगलीच्या शेजारचं. तिथल्या संशोधन केंद्रातल्या पुस्तकी माणसांनीच तो काढलाय. त्यांनाही विचारणार का, बांधावर कधी पाय ठेवलाय का म्हणून?

बाकीचं. माणात जून-जुलै मिळूनही शंभर मिलिमीटरची खात्री नाही. कबूल, पण मी सोयाबीनबद्दल लिहिलं होतं. शीर्षकात तसं नव्हतं हे खरं, तिसऱ्या परिच्छेदात होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि तुमच्या माणमधल्या दहिवडीकडं जेमतेम पाचशे, दोन्ही एकाच जिल्ह्यात. सगळ्यांना पुरेल असा एक लेख कुणाच्या बापाला लिहिता येणार नाही. तुमच्याकडं बाजरी, मटकी, हुलगा, त्याचं गणित निराळं, ते तुम्ही लिहा, मी वाचेन.

२०२३ चा सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज: शेवटी ९४ भरले. एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के इकडं-तिकडं धरलेलंच असतं. तो आकडा सगळ्या देशाचा, चार महिन्यांचा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, आणि आपली पिकं गेली ती त्या ऑगस्टमध्ये. हवामान खात्याचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.

पर्जन्यमापक बारा किलोमीटरवर, हा प्रश्न माझ्या लेखाचा नव्हताच. सरळ उभ्या कडेचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी साडेआठला पट्टी बुडवून बघा, रोज लिहा आणि ओता. मी तसंच करतो. (पीक विमा मात्र असल्या डब्यावर ठरत नाही, हे मला माहीत आहे. त्यावर आज लिहायला बसलो तर तुमच्यापेक्षा वाईट भाषा होईल.)

एक मात्र खटकलं. त्या लेखात निम्मा भाग बियाण्याच्या उगवण तपासणीवर होता. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळायचे, आठवड्यानं मोजायचे, सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं पेरायचं नाही. त्यावर तुमचा एक शब्द नाही. मिलिमीटरवर मात्र सहा ओळी.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. काही वाचकांनी खाली तुम्हाला उलट काहीबाही लिहिलं होतं, त्यातल्या दोघांचं काढलं. पुढच्या वेळी नाव लिहिलंत तर बरं, ‘एक शेतकरी’ म्हणून उत्तर द्यायला अवघड जातं, कारण मीही एक शेतकरीच आहे. रविवारी गावी चाललोय. शुक्रवारपासून तिकडं ढग आहेत म्हणतात, डब्यात किती साठलंय ते सोमवारी टाकतो.